गुरुवारची सुट्टी, नव्वद दिवसांची नोटीस आणि साडेसहा महिने

भोसरी एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत आणि विजेचा भार विभागला जावा, म्हणून औद्योगिक पट्ट्यांना पूर्वी वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. पत्नी एका खासगी शाळेत शिक्षिका, मुलगा पाचवीत, म्हणजे त्या दोघांचा रविवार. जवळजवळ नऊ वर्षे आम्ही तिघे एका घरात राहिलो, पण एका दिवशी घरी असलो ते सणावारीच. ही तक्रार म्हणून सांगत नाही, कारण लाखभर माणसे असेच जगतात. पण मी थकलो कसा आणि दुसरी नोकरी हातात नसताना ही सोडून साडेसहा महिने घरी कसा राहिलो, हे समजायला तो गुरुवार ठाऊक असणे आवश्यक आहे.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राहक-गुणवत्ता विभागात होतो. आमचा माल मोठ्या कंपनीच्या लाइनवर नापास झाला की पहिला फोन मला येई. ११ जानेवारी २०२३ ला, बुधवारी, संध्याकाळी साडेसहाला असाच फोन आला. मी दोन कंत्राटी मुलांना घेऊन ग्राहकाच्या स्टोअरमध्ये गेलो आणि रात्री अडीचपर्यंत आम्ही ३,४०० नग एकेक करून गेज (माप तपासायचे साधन) लावून तपासले. चांगला नग निळ्या क्रेटमध्ये, खराब नग लाल क्रेटमध्ये. शेवटी खराब निघाले अकरा. त्या दोन मुलांपैकी एक, वय असेल वीस, हातमोजे काढता काढता म्हणाला, "सर, तुमची उद्या सुट्टी ना? बरं आहे." त्या सुट्टीच्या दिवशी मी दुपारी दोनपर्यंत झोपलो आणि उरलेल्या वेळात त्या अकरा नगांचा आठ टप्प्यांचा अहवाल लिहिला.

नोकरी शोधण्याचे काम मात्र त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाले होते. मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने फाडून मी एक नवी वही शिवली होती आणि तीत तारीख, कंपनी, कोणामार्फत आणि पुढे काय झाले, असे चार रकाने आखले होते. मार्चअखेरपर्यंत तीत ६४ अर्ज नोंदले गेले. त्यांतून नऊ फोन आले, तीन मुलाखती झाल्या आणि हाती काही लागले नाही. चौथ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा काय लिहिले असेल, तर "कळवतो म्हणाले". नकार आला तर माणूस निदान एक ओळ खोडून मोकळा होतो. दोन फेऱ्या झाल्यावर, पगाराचे आकडे विचारून झाल्यावर, "सोमवारपर्यंत कळवतो" म्हटल्यावर जी शांतता पसरते, तिचे काय करायचे, हे मला सहा महिन्यांत समजले नाही. एका कंपनीच्या एचआर बाईंना मी चार वेळा फोन केला. पाचव्या वेळी त्यांनी उचलला आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "आपण कोण बोलताय?"

त्यात आमच्या कंपनीची नोटीस नव्वद दिवसांची. भरती करणाऱ्याचा पहिला प्रश्न "नोटीस पीरियड किती?" आणि माझे उत्तर ऐकून दुसरा प्रश्नच न येणे, हे नऊपैकी पाच फोनांत घडले. त्यांना पंधरा ते तीस दिवसांत येणारा माणूस हवा असतो. नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटता येते का, असे मी आमच्या कार्यालयात विचारले, तेव्हा नियमात तरतूद आहे पण ती "व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार" आहे, असे उत्तर मिळाले. तुमच्या नियुक्तिपत्रात ही ओळ नेमकी कशी लिहिली आहे, ते आजच काढून वाचावे. मी ते नऊ वर्षांनी पहिल्यांदा वाचले.

मार्चमध्ये आम्ही दोघांनी हिशेब मांडला. गृहकर्जाचा हप्ता २१,४०० धरून घरखर्च महिना ५८,००० च्या आसपास, पत्नीचा पगार २७,५००. म्हणजे दरमहा साधारण साडेतीस हजारांची तूट. बाजूला ठेवलेले ३,२०,००० होते. त्यांत सहा महिने निघतील आणि दुखण्याखुपण्यासाठी थोडे उरतील, असे दिसले. हा कागद झाल्यावरच राजीनाम्याचा विचार विचार म्हणून करता आला. तोपर्यंत ती केवळ रात्री दीडची चिडचिड होती.

वडील एसटीत कंडक्टर होते. चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आणि आता पाटण तालुक्यात गावी असतात. त्यांना फोनवर सांगितले. थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "दुसरी हातात घेऊन सोडावी रे. मोकळ्या हातानं कोण सोडतं?" त्यांचे चूक नव्हते. मी हेच सहा महिने करून पाहिले होते, हे त्यांना सांगितले नाही.

१७ एप्रिल २०२३ ला, सोमवारी, राजीनाम्याचा मेल पाठवला. शेवटचा दिवस १५ जुलै ठरला. नोटिशीचे नव्वद दिवस लोक निरोपाच्या चहात घालवतात. मला त्यांत तीन कामे करता आली, याचे अजून समाधान वाटते.

पहिले काम आरोग्यविम्याचे. कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशीच संपतो, पुढच्या महिन्यापर्यंत चालत नाही. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती नोकरी सुटण्याआधी विचारावी लागते. मी चौकशी केली, आकडा परवडला नाही, म्हणून दुसरीकडे तिघांसाठी पाच लाखांची पॉलिसी घेतली. हप्ता १६,८०० आणि त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी, एकूण १९,८२४. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर आजारांचा खर्च मिळत नाही, त्यामुळे ती मे महिन्यातच घेतली. जुलैत नोकरी सुटली तेव्हा ते तीस दिवस उलटून गेले होते. आईवडिलांसाठी मिळालेले आकडे पाहून मात्र मी कागद मिटवून ठेवला. त्यांच्या नावाने दीड लाखाची ठेव आधीची होती, ती मोडायची नाही एवढेच ठरवले.

दुसरे काम कागदांचे. पगारपत्रके, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), नियुक्तिपत्र, बढतीची पत्रे, सगळे कंपनीच्या मेलवर होते. शेवटच्या संध्याकाळी तो मेल बंद होतो. मी ते मे महिन्यात स्वतःकडे उतरवून घेतले.

तिसरे काम भविष्यनिर्वाह निधीतील नावाचे. आधीच्या कंपनीने माझे नाव आडनाव आधी घालून नोंदवले होते आणि आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने होते. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. तो दुरुस्त करायला तेव्हा संयुक्त घोषणापत्र लागे, त्यावर कंपनीची मान्यता लागे, आणि नोकरी सुटल्यावर त्या मान्यतेसाठी कोणाच्या तरी टेबलापुढे उभे राहावे लागे. कर्मचारी असतानाच हे केले, तरी सात आठवडे लागले.

शेवटच्या आठवड्यात 'नो ड्यूज'चा, म्हणजे कंपनीचे काही देणे बाकी नसल्याचा, कागद घेऊन फिरलो. त्यावर नऊ सह्या लागत होत्या. आयटी, कॅन्टीन, ग्रंथालय (आमच्याकडे ग्रंथालय होते, हे मला त्या दिवशी कळले), पतपेढी अशा आठ झाल्या आणि नववी स्टोअरची अडली. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये २०१९ साली माझ्या नावावर एक एम-१० चा थ्रेड प्लग गेज (भोकातले आटे तपासायचा) दिल्याची नोंद होती. पानाची कड तेलाने काळी पडली होती, पण सही माझीच होती. दोन दिवस मी तो बोटाएवढा गेज शोधत होतो. नऊ वर्षांत मी कंपनीसाठी काय केले हे कोणी विचारले नाही, गेज कुठे आहे हे मात्र सहा जणांनी विचारले. अखेर तो फायनल इन्स्पेक्शनच्या एका ड्रॉवरमध्ये, जुन्या कॅलेंडरखाली, मेणकागदात गुंडाळलेला सापडला. सापडला नसता तर १,८५० रुपये कापले गेले असते. आपल्या नावावर काय काय आहे, याची यादी स्टोअरकडून राजीनाम्याच्या पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावी.

१५ जुलैला निघालो. १६ जुलैला पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी गजराशिवाय जाग आली आणि पावणेसहाला मी नोकरीच्या संकेतस्थळावर होतो.

पहिले अकरा दिवस मी ज्याला विश्रांती म्हणत होतो ती अशी होती. सकाळी उठून अर्ज करायचे, दुपारी फोन येतो का ते पाहायचे, संध्याकाळी कोणी प्रोफाइल पाहिले ते मोजायचे आणि रात्री "आज सुट्टी असूनही काही केले नाही" म्हणून स्वतःवर चिडायचे. नोकरीत असताना शोध अर्धवट होत होता, आता सुट्टीही अर्धवट होऊ लागली. सोसायटीच्या गेटवर रखवालदार काका रोज विचारायचे, "साहेब, आज सुट्टी?" पहिल्या गुरुवारी मी आनंदाने हो म्हणालो. पुढे मी मागच्या फाटकाने जाऊ लागलो.

२६ जुलैच्या रात्री पत्नी म्हणाली, "तू सुट्टीवर आहेस की नोकरी शोधतोयस, ते एकदा ठरव. दोन्ही चाललंय म्हणून एकही होत नाहीये." आम्ही कॅलेंडर काढले. गणपती १९ सप्टेंबरला बसणार होते. तोपर्यंत एकही अर्ज करायचा नाही, ॲप फोनमधून काढायचे, फोन आला तर बोलायचे पण आपण होऊन करायचा नाही, असे ठरले. या साडेसहा महिन्यांतला सर्वांत उपयोगी निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन, आणि तो माझा नव्हता.

तेव्हा अधिक श्रावण चालू होता. १८ जुलैला अधिक मास लागला होता आणि सासुरवाडीहून धोंड्याचे बोलावणे आले. नोकरी नसलेला जावई धोंड्याला कसा जातो, याची काही रीत असेल तर ती मला ठाऊक नव्हती. ६ ऑगस्टला बारामतीजवळच्या त्यांच्या गावी गेलो. पाटावर बसवून सासूबाईंनी ओवाळले, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, चांदीचे निरांजन, सगळे यथासांग. पंगतीत चुलत सासऱ्यांनी विचारले, "मग जावईबापू, सध्या कुठं?" मी घास गिळून उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात सासूबाई वाढता वाढता म्हणाल्या, "सध्या इथंच आहेत. तूप घ्या." प्रश्न तिथेच संपला. ते वाक्य मी पुढे दोन-तीन समारंभांत वापरून पाहिले, पण तूप हातात नसल्याने तितके जमले नाही.

नंतर नागपंचमीपर्यंत गावी राहिलो. वडिलांबरोबर भाताची भांगलण केली, म्हणजे पहिले दोन दिवस केली आणि मग कंबर धरल्याने बांधावर बसून राहिलो. फोनला तिथे धड रेंज नव्हती. दहाव्या दिवशी कधीतरी मी पावणेआठला उठलो. आई म्हणाली, उठवावंसं वाटलं नाही. नोकरी का सोडली, हे वडिलांनी पुन्हा विचारले नाही. फक्त एकदा त्यांच्याच जुन्या रातराणीच्या गाडीची गोष्ट सांगितली, सलग तीन रात्री ड्यूटी लागल्यावर तिकिटाचे पैसे मोजताना डोळा लागला होता ती. ही गोष्ट मी यापूर्वी कधी ऐकली नव्हती.

पुण्यात परतल्यावर पैशांचे मागे लागणे आले. अंतिम हिशेब पंचेचाळीस दिवसांत होईल असे सांगितले होते. तो सत्तराव्या दिवशी, २३ सप्टेंबरला झाला. ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे सलग सेवेबद्दल नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेबद्दल, मात्र लोकांना नीट माहिती नसते म्हणून थोडे लिहितो. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यानुसार पाच वर्षे सलग सेवा झालेल्याला ती मिळत असे, राजीनामा दिला तरी मिळत असे. तेव्हाचा हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि मग वर्षांच्या संख्येने गुणायचे; सहा महिन्यांहून अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. माझा मूळ पगार ३१,२०० होता, सेवा आठ वर्षे नऊ महिने, म्हणजे नऊ वर्षे. १८,००० गुणिले ९, एकूण १,६२,०००. ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे. मी फॉर्म 'आय' भरून पोच घेतली होती, आणि ऑगस्टअखेर त्या पोचेचा फोटो जोडून, कायद्यातील मुदतीचा आणि विलंबावरील व्याजाचा उल्लेख करून, तीन ओळींचा नम्र मेल केला. फोनवर केलेल्या अकरा विनंत्यांपेक्षा तो मेल जास्त चालला, असा माझा समज आहे.

भविष्यनिर्वाह निधीला हात लावला नाही. त्या वेळच्या नियमानुसार एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेली रक्कम काढता येत होती, आणि ओळखीतले प्रत्येक जण "काढून टाक" म्हणत होते. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाआधी ताजा नियम पाहावा. माझी आधीची कंपनी धरून दहा वर्षांहून अधिक सेवा झालेली असल्याने पेन्शनचा भाग तसाही काढता येत नव्हता, आणि बाकी रकमेवर व्याज चालूच होते. अडचण वेगळीच निघाली. कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच पोर्टलवर भरली नव्हती. ती नसेल तर पुढे निधीचा नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर अडतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ही तारीख आपल्याला स्वतः आधारच्या ओटीपीने भरता येते. पोर्टलवर 'मार्क एक्झिट' असा पर्याय आहे. ९ ऑक्टोबरला मी ती भरली. एकदा भरली की आपल्याला बदलता येत नाही, म्हणून रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचे पत्र) शेजारी ठेवूनच भरावी. पुढे नव्या कंपनीत गेल्यावर ट्रान्सफरचा अर्ज तेवीस दिवसांत मंजूर झाला.

एक लहानसा फटकाही बसला. माझ्या बँकेत सलग तीन महिने पगार जमा झाला नाही की पगाराचे खाते साधे बचत खाते होते आणि किमान शिल्लक ठेवावी लागते. मी बहुतेक पैसे ठेवीत टाकले होते. नोव्हेंबरमध्ये ३५४ रुपये कापले गेल्याचा संदेश आला, तेव्हा हे कळले.

गौरी-गणपती झाल्यावर शोध पुन्हा सुरू केला, पण या वेळी रोज सकाळी दहा ते एक, एवढाच. दुपारनंतर वही बंद. बायोडेटा चार पानांचा होता तो दोन पानांवर आणला. "ग्राहक समाधानासाठी सातत्याने प्रयत्नशील" असली वाक्ये काढली आणि त्याऐवजी ग्राहकाकडील रिजेक्शन २,१०० पीपीएमवरून (दहा लाख नगांमागे खराब नग) ३८० पीपीएमवर कसे आणले, हे लिहिले. मग जुन्या सहकाऱ्यांपैकी बावीस जणांना एकेकट्याला फोन केले. मला याचीच सर्वांत जास्त लाज वाटत होती. बावीसपैकी चौघांनी स्वतःच विचारले, "ए, तू सोडलीस कशी? मलाही सोडायची आहे." नोकरी मागायला केलेला फोन सल्ला देण्यात संपला, असेही दोनदा झाले.

राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगाराच्या संकेतस्थळावर नोंदणी केली. ती विनामूल्य आहे. त्यातून एका रोजगार मेळाव्याला गेलो. तिथल्या बहुतेक जागा आयटीआय, बारावी आणि पदविकाधारकांसाठी होत्या. मी रांगेत उभा असताना पुढच्या मुलाने वळून अदबीने जागा दिली आणि विचारले, "सर, तुमचा स्टॉल कुठला?" मी त्याच्या मागेच उभा राहिलो. त्याचा बायोडेटा पाहिला, त्यातली जन्मतारखेची चूक दाखवली आणि घरी आलो. मेळावा निरुपयोगी असतो असे नाही. दहा-पंधरा वर्षे अनुभव असलेल्यासाठी तो नसतो, इतकेच.

या काळात फसवणारेही बरोबर हेरतात. एका नामांकित वाहन कंपनीच्या शिक्क्यासह व्हॉट्सॲपवर थेट नेमणुकीचे पत्र आले. मुलाखत नाही, काही नाही, फक्त लॅपटॉपच्या "परत मिळणाऱ्या" अनामतीचे ३,६५० रुपये संध्याकाळपर्यंत भरायचे. गुणवत्ता विभागात आयुष्य गेलेल्या माणसाने ते पत्र दोनदा, आशेने वाचले, हे कबूल करतो. नोकरी देणारा पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार करावी.

मुलाखती सहा झाल्या आणि प्रत्येकीत तो प्रश्न आला: "जुलैपासून काय करताय?" १२ ऑक्टोबरच्या पहिल्या मुलाखतीत मी वडिलांची तब्येत पुढे केली. गावी धडधाकट असलेल्या माणसाला मी चाकणच्या एका मीटिंग रूममध्ये आजारी पाडले. समोरच्या गृहस्थांनी खऱ्या काळजीने विचारले, "आता कसे आहेत? पुन्हा रजा लागेल का?" मला काही सुचेना. नोकरी मिळाली नाही, आणि घरी येऊन वडिलांना विनाकारण फोन केला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी "कौटुंबिक कारण" असे गुळमुळीत म्हणालो. चौथ्या वेळी सरळ सांगितले की थकलो होतो, ठरवून थांबलो, घरखर्चाची सोय करून थांबलो. त्यावर, "म्हणजे प्रेशर झेपत नाही तर," असे उत्तर आले. खरे बोलल्याने लगेच काही मिळते असे नाही.

मधल्या दिवसांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले, बोनसशिवायची ती माझी पहिली दिवाळी. दिवाळीच्या पुढेमागे आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात भरती जवळजवळ थांबते, हे आधी माहीत असते तर त्या दिवसांत मी रोज तीन तास स्क्रीनकडे पाहत बसलो नसतो. मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होता. दुपारी त्याच्याबरोबर बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवायला बसायचो. आकृत्यांच्या मालिकेत तो माझ्यापेक्षा सरस होता आणि ते सांगण्यात त्याला कसलाही संकोच नव्हता.

डिसेंबरअखेर एका कंपनीने ७.४ लाख वार्षिक देऊ केले. माझे जुने पॅकेज ९.२ लाख होते. "तुमचा गॅप आहे ना," असे त्यांनी दोनदा म्हटले. ३,२०,००० पैकी तेव्हा एक लाखाच्या आसपास उरले होते, ग्रॅच्युइटीची रक्कम वेगळी होती, म्हणून नाही म्हणता आले. शिल्लक नसती तर मी हो म्हणालो असतो, आणि तसे म्हणणाऱ्याला मी दोष देणार नाही.

सहावी मुलाखत ४ जानेवारीला झाली, त्या बावीस फोनांपैकी एकाने पुढे केलेल्या नावावरून. प्लांट हेड स्वतः पूर्वी गुणवत्ता विभागात होते. तोच प्रश्न, माझे तेच उत्तर. त्यांनी बायोडेटावरून नजर न काढता म्हटले, "नऊ वर्षं कस्टमर क्वालिटी, भोसरीत? हं." आणि लगेच विचारले की रिजेक्शन ३८० पीपीएमवर आणले ते तपासणी वाढवून की प्रक्रिया सुधारून. पुढची पंचवीस मिनिटे आम्ही फक्त त्यावर बोललो. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर मी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारला. रविवार होता.

९ जानेवारीला पत्र आले, ८.९ लाखांचे. त्यानंतर पडताळणी करणाऱ्या संस्थेने रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके, फॉर्म १६ आणि भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक मागितले. मे महिन्यात उतरवून ठेवलेले कागद इथे एका तासात गेले. वैद्यकीय तपासणी झाली, रक्तदाब थोडा वरचा निघाला. एप्रिल ते जुलैचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म १२बी नव्या कंपनीला द्यावा लागला, नाहीतर त्यांचा हिशेब त्यांच्या पगारापुरताच राहिला असता आणि विवरणपत्र भरताना आकडे जुळवत बसावे लागले असते.

१ फेब्रुवारी २०२४ ला रुजू झालो. त्या दिवशी गुरुवार होता. नाशिक फाट्याच्या ज्या थांब्यावर मी नऊ वर्षे जुन्या कंपनीच्या बसची वाट पाहिली, तिथेच नव्या कंपनीची बस सव्वासातला येते. भोसरीच्या बसगाड्या त्या दिवशी नव्हत्या, थांबा रिकामा होता, आणि मी चुकीच्या दिवशी आलो की काय असे दोन मिनिटे वाटून गेले.

नंतरच्या रविवारी, ४ तारखेला, साडेनऊपर्यंत घरात कोणीच उठले नव्हते. दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली आणि पिशवी दाराच्या कडीला अडकवून तो निघून गेला.